पट, हजेरी आणि 'एनरोलमेंट'



या मालेत आपण दर वेळी रोजच्या वापरातला एखादा शब्द घेतो आणि तो बोलताना आपण नेमकं काय बोलतो, हे तपासून पाहतो. आजचा शब्द 'एनरोलमेंट'. त्याला इंग्रजी म्हणायचं ते केवळ जन्मगावावरून, कारण आपल्याकडे तो केव्हाच रुळला आहे. ही चार वाक्ये ऐका. 'आधारचं एनरोलमेंट झालं का?' 'पोरीला स्पोकन इंग्लिशला एनरोल केलं.' 'आधी एनरोलमेंट नंबर टाका, मग हॉल तिकीट उघडेल.' 'यंदा आपल्या शाळेचं एनरोलमेंट घसरलं.' यातलं एकही वाक्य आपल्या कानाला खटकत नाही. पण जरा थांबून पाहा. पहिल्या वाक्यात बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या प्रतिमा घेणं आहे. दुसऱ्यात पैसे भरून जागा मिळवणं आहे. तिसऱ्यात पावतीवरचा एक आकडा आहे, आणि चौथ्यात मुलांची बेरीज.

एका शब्दाने चार कामं करावीत यात वाईट काही नाही. 'हात' किंवा 'पाणी' हे शब्द तर चाळीस कामं करतात. आमची तक्रार वेगळी आहे. हा शब्द वापरला की 'नाव लिहिलं गेलं' आणि 'माणूस पोहोचला' या दोन घटना एकच वाटू लागतात. मराठीत या दोन घटनांना दोन स्वतंत्र शब्द आहेत: पट आणि हजेरी. हे शब्द आपण बोलण्यातून काढून कचेरीच्या कपाटात ठेवले. त्याची किंमत भाषेला थोडी आणि माणसांना जास्त मोजावी लागते, असं आमचं म्हणणं आहे. ते आज उदाहरणांनी मांडायचं आहे.

आधी मूळ शब्दाला न्याय देऊ. 'एनरोल' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या पोटात 'रोल' आहे, आणि रोल म्हणजे गुंडाळी, आपल्याकडचं भेंडोळं. त्याच्याही मागे जे लॅटिन रूप आहे त्याचा अर्थ लहान चाक. चामड्याच्या लांब पट्ट्यांवर मजकूर लिहून त्या गुंडाळून ठेवायची पद्धत युरोपात होती, आणि अशा भेंडोळ्यात नाव लिहिणं म्हणजे एनरोल करणं. इंग्लंडमध्ये अपील न्यायालयाच्या दिवाणी शाखेच्या प्रमुखाला आजही 'मास्टर ऑफ द रोल्स' म्हणतात. मराठीत सांगायचं तर भेंडोळ्यांचा कारभारी. तेव्हा मूळ शब्द प्रामाणिक आहे. नाव गुंडाळीत गेलं, एवढंच तो म्हणतो. तो माणूस वर्गात बसला की नाही, फौजेत उभा राहिला की नाही, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. याच रोलचा एक तुकडा आपल्या शाळेत रोज सकाळी ऐकू येतो: 'रोल नंबर एक', 'हजर बाई'. पहिला शब्द यादीचा, दुसरा जिवंत पोराचा. दोन्ही मिळून शाळा होते.

आता आपल्या घरचे शब्द पाहू. 'पट' म्हणजे मुळात कापड, वस्त्र. चित्रपटातला पट तोच आणि सोंगट्या खेळायचा पटही तोच. कापडावरून लिहायच्या पृष्ठाकडे आणि तिथून यादीकडे असा हा अर्थ सरकत गेलेला दिसतो. म्हणजे फ्रेंचांनी ज्याच्यावर लिहिलं त्याचं नाव यादीला दिलं, आपणही तेच केलं. 'पटावर साठ मुलं आहेत' असं गुरुजी म्हणतात तेव्हा ते कागदाबद्दल बोलत असतात, आणि आपण कागदाबद्दल बोलतो आहोत हे त्यांना ठाऊक असतं. दुसरा शब्द 'हजेरी'. हा अरबी 'हाजिर'च्या घराण्यातला. समोर असणं, डोळ्यांपुढे उभं असणं. दोन्ही शब्द जोडून आपण 'हजेरीपट' हा फार उपयोगी शब्द केला. रोजगार हमीच्या कामावर मजुरांची रोजची हजेरी ज्या कागदावर भरतात तो हजेरीपट. त्यात यादीही आहे आणि त्या दिवशी त्या बांधावर कोण होतं याची खूणही आहे. मजुरी निघते ती हजेरीच्या खुणेवर. नुसतं यादीत नाव असून पैसे निघत नाहीत.

तिसरा शब्द 'दाखल'. हाही अरबीतून आलेला, आत शिरणं या अर्थाचा. शाळेच्या कपाटात एक मोठी नोंदवही असते, तिला 'दाखल-खारीज रजिस्टर' म्हणतात. दाखल म्हणजे आत आलेला, खारीज म्हणजे बाहेर गेलेला. वहीच्या नावातच येणं आणि जाणं शेजारी शेजारी ठेवलं आहे. ज्याने कुणी हे नाव रूढ केलं त्याला शाळा कळली होती. गंमत अशी की आत शिरण्याच्या याच शब्दापासून आपण 'दाखला' केला, आणि आयुष्यभर जपून ठेवतो तो 'शाळा सोडल्याचा दाखला'.

आणि या सगळ्याच्या मुळाशी 'नाव'. मराठी माणूस नावाचं किती प्रकारे काही करतो पाहा. शाळेत नाव घालतो. सातबाऱ्यावर नाव लावतो. रेशनकार्डावर नाव चढवतो आणि त्यावरून नाव कमी करतो. यादीत नाव लागलं की पेढे वाटतो. 'नाव काढणं' याला तर दोन टोकाचे अर्थ आहेत. पोरानं घराण्याचं नाव काढलं म्हणजे कीर्ती मिळवली, आणि पोराचं शाळेतून नाव काढलं म्हणजे शिक्षण संपलं. ऐकणाऱ्याला संदर्भावरून अर्थ कळतो. या प्रत्येक क्रियापदात एक कर्ता उभा आहे. घालणारा कुणीतरी आहे, लावणारा तलाठी आहे, कमी करणारा पुरवठा खात्यातला कारकून आहे. कुणाला विचारायचं, हे भाषाच सांगते.

हे कर्त्याचं प्रकरण महत्त्वाचं आहे. खेड्यातली आई शाळेत येते आणि म्हणते, 'गुरुजी, पोराचं नाव घाला शाळेत.' तिच्या वाक्यात ती आहे, गुरुजी आहेत, पोर आहे, शाळा आहे. महिन्याने तीच म्हणेल, 'नाव घातलंय हो, पण जातच नाही.' तिच्या बोलण्यात 'पण' सहज येतो, कारण नाव घालणं ही सुरुवात आहे हे तिच्या क्रियापदातच आहे. आता दुसरं वाक्य घ्या. 'एनरोलमेंट झालं.' कुणी केलं? कुठे? कुणाचं? यातलं काही सांगावंच लागत नाही. काही जण 'एनरोलमेंट झाली' म्हणतात, कारण मनात 'नोंदणी' असते. काही 'झालं' म्हणतात, कारण मनात 'काम' असतं. लिंग डळमळतं, पण 'होणे' हे क्रियापद पक्कं असतं. आणि मराठीत 'झालं' हा फार अंतिम शब्द आहे. जेवण झालं, लग्न झालं, काम झालं. झालं म्हटल्यावर माणूस हात धुतो. 'नाव घातलं' यानंतर प्रश्न सुरू होतो, 'एनरोलमेंट झालं' यानंतर प्रश्न मिटतो. आमचा या शब्दावरचा मुख्य आक्षेप हा आहे.

आता कागदपत्रांकडे वळू, कारण हा फरक कायद्याच्या भाषेत स्पष्ट आहे. २००९ चा बालकांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा घ्या. त्यात 'सक्तीचे शिक्षण' म्हणजे काय, हे आठव्या कलमात समजावलं आहे. सरकारवर तीन गोष्टींची जबाबदारी टाकली आहे: प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षण पूर्ण होणं. तीन वेगळे शब्द, तीन वेगळी कामं. पुढे दहाव्या कलमात पालकांचं कर्तव्य सांगितलं आहे, ते मात्र एकच आहे. मुलाला शाळेत दाखल करणं. म्हणजे कायद्याच्या मते आईचं काम नाव घालण्याशी संपतं आणि सरकारचं काम तिथून सुरू होतं. आपण बोलताना नेमकं उलटं करतो. नाव पटावर आलं की सरकारी अहवालात 'शंभर टक्के पटनोंदणी' असं लिहिलं जातं, आणि पोर वर्गात दिसलं नाही की 'पालकांची उदासीनता' असा शेरा पडतो.

याच्याशी कोल्हापूरची आठवण ताडून पाहावी. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया ही किरकोळ रक्कम नव्हती. दंड चांगला की वाईट हा वाद बाजूला ठेवू. आपल्याला त्यातलं क्रियापद पाहायचं आहे. दंड 'न पाठवण्याला' होता. नुसतं नाव घालून सुटका नव्हती.

पण मग नुसत्या नावाला इतकं मोल आलं कुठून? त्याचं उत्तरही कायद्यातच आहे. २००९ च्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत किती मुलांना किती शिक्षक याचा तक्ता आहे. पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदला तीन. आणि हा हिशेब 'प्रवेश घेतलेल्या' मुलांचा आहे, वर्गात बसलेल्या मुलांचा नाही. म्हणजे साठाव्या आणि एकसष्टाव्या नावात एका शिक्षकाचं पद उभं आहे. त्याच्या मागे पोषण आहाराचा तांदूळ, पाठ्यपुस्तकं, गणवेश आणि अनुदान येतं. नावाला असा भाव आला की बाजार भरणारच.

तो भरला. नांदेड जिल्ह्यात पटाची तपासणी झाली तेव्हा पटावरची बरीच मुलं जागेवर सापडेनात. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी तपासणी झाली. तिला नाव मिळालं 'पटपडताळणी'. एकच मूल दोन शाळांत दाखवलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली गेली, मतदानाला लावतात तशी. तपासणीनंतर गायब नावांचा आकडा लाखांच्या घरात गेला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि वर्षानुवर्षं चाललं. पण एक दृश्य डोळ्यांपुढे आणा. सात वर्षांचं मूल बाकावर बसलं आहे, आणि ते खरोखर आहे याचा पुरावा म्हणून राज्य त्याच्या बोटाला शाई लावतं आहे. त्या मुलाने तर काही केलं नव्हतं. ते हजर होतं. गैरहजर होती ती कागदावरची त्याची भावंडं.

इथे तुमच्यापैकी कुणीतरी मनात म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की हा घोटाळा तर अस्सल मराठी 'पटा'वर झाला. 'एनरोलमेंट' शब्दाचा त्यात काय दोष? आक्षेप मान्य आहे. मराठी शब्दामुळे माणसं प्रामाणिक होत नाहीत. 'खोगीरभरती' हा शब्द आपल्याकडे उगाच नाही. यादी फुगवणं ही जुनी विद्या आहे. अलाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देण्याची आणि शिपायांचा हुलिया लिहून ठेवण्याची पद्धत घातली ती कशासाठी? मोजणीच्या दिवशी उसने घोडे आणि उसने शिपाई उभे करू नयेत म्हणून. सातशे वर्षांत घोड्याच्या डागाची जागा बोटावरच्या शाईने घेतली, एवढाच फरक. मुद्दा असा की घोटाळा उघडा पडला तेव्हा त्याला नाव द्यायला भाषेजवळ शब्द तयार होता. 'पटावर आहे, हजेरीत नाही' हे सहा वर्षांच्या मुलालाही कळतं. 'एनरोलमेंट आणि ॲक्च्युअल अटेंडन्समध्ये व्हेरिएशन आढळलं' हे कळायला चौकशी समिती लागते. चोरी दोन्ही भाषांत होते, पण ती एकीत लवकर दिसते.

आता जिथे चोरी नाही, सगळे प्रामाणिक आहेत, आणि तरीही नाव आणि माणूस यांची ताटातूट होते, अशी एक जागा पाहू. आमच्या मते ही आजच्या विषयातली सर्वांत महत्त्वाची जागा आहे.

शाळेत किती शिक्षक द्यायचे हे ठरवण्याची जी प्रक्रिया असते तिला संचमान्यता म्हणतात. तिचा आधार असतो ३० सप्टेंबरचा पट. आता बीड जिल्ह्यातलं आणि आसपासच्या डोंगरपट्ट्यातलं वर्ष कसं चालतं ते आठवा. दसरा-दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. म्हणजे ३० सप्टेंबरला वर्ग भरलेला असतो. गुरुजी खोटं बोलत नाहीत, पट खरा असतो. मुलं खरोखर हजर असतात. महिना-दीड महिन्यात त्यातली कितीतरी मुलं आईबापांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात असतात, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी करते. तिचं नाव मात्र सहाव्या इयत्तेच्या पटावर असतं. वार्षिक अहवालात ती 'एनरोल्ड' आहे.

आणि याच कुटुंबाची दुसरी एक नोंदणी झालेली असते, मुकादमाच्या वहीत. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. त्या कोयत्याला किती उचल दिली, ते पावसाळ्यातच तिथे लिहिलेलं असतं. या दोन वह्यांची तुलना करा. शाळेच्या वहीत नाव आहे, पण पोर आलं नाही म्हणून त्या वहीला काही होत नाही. मुकादमाच्या वहीत नाव आहे आणि माणूस आला नाही, तर उचल फिटेपर्यंत ती वही माणसाचा पिच्छा सोडत नाही. एक नोंद हक्काची आणि एक कर्जाची, आणि हजेरीचा तगादा आहे तो कर्जाच्या नोंदीला. हक्काची नोंद केल्यावर आपण तिच्याकडे पाठ फिरवतो.

उपाय सुचले नाहीत असं नाही. साखरशाळा झाल्या, गावातच आजी-आजोबांजवळ मुलं राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली, स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या हातात 'शिक्षण हमी पत्रक' देण्याची योजना आली, ज्यावर तो जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावं. २००९ च्या कायद्यातही स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून स्वतंत्रपणे लिहिलं आहे. या सगळ्या योजनांमागे एकच समज आहे: नाव एका गावी आणि पोर दुसऱ्या गावी असू शकतं. ही समज 'शंभर टक्के एनरोलमेंट' या शब्दांत मावत नाही. म्हणून अहवाल वाचताना योजना अनावश्यक वाटू लागतात. शंभर टक्के झालेच आहेत, मग वसतिगृह कशाला?

शहरातही हेच चाललं आहे, फक्त गरिबीऐवजी महत्त्वाकांक्षेने. अकरावीत मुलगा एका ज्युनिअर कॉलेजच्या पटावर असतो आणि दिवसभर क्लासमध्ये बसतो. याला 'इंटिग्रेटेड' असं भारदस्त नाव आहे. घरी आई शेजारणीला खरं काय ते साध्या मराठीत सांगते: 'कॉलेज काय, नावालाच आहे.' 'नावाला' हा आपला केवढा नेमका शब्द! नाव आहे आणि नावापलीकडे काही नाही, हे त्या तीन अक्षरांत आलं. ऊसतोड कामगाराच्या मुलीची शाळाही नावालाच आहे. फरक इतका की मुलाने हे नावालाच असणं पैसे मोजून विकत घेतलं आहे, आणि मुलीवर ते लादलं गेलं आहे. आकडेवारीत दोघं एकाच रकान्यात बसतात.

आकडेवारीचा विषय निघाला आहे तर एक शब्द सांगून पुढे जाऊ: 'ग्रॉस एनरोलमेंट रेशो'. मराठीत त्याला सकल नोंदणी गुणोत्तर म्हणतात. हे गुणोत्तर शंभराच्या वर जाऊ शकतं, कारण त्या वयोगटाबाहेरची मुलंही पटावर मोजली जातात. उच्च शिक्षणात ते २०३५ पर्यंत पन्नास टक्क्यांवर न्यावं असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे. उद्दिष्ट चांगलं आहे. पण ते नोंदणीचं उद्दिष्ट आहे, शिकण्याचं नाही, एवढं भान वर्तमानपत्राचा मथळा वाचताना ठेवावं.

आता काही इतर पट पटपट पाहू, कारण प्रत्येक ठिकाणी या शब्दाचं वजन वेगळं आहे.

आधारचं उदाहरण महाराष्ट्रातूनच सुरू होतं. पहिलं आधार वितरण २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी झालं. २०१६ च्या आधार कायद्यात एनरोलमेंटची व्याख्या आहे: क्रमांक देण्यासाठी माणसाची माहिती आणि जैविक खुणा गोळा करण्याची प्रक्रिया. म्हणजे इथे एनरोलमेंट म्हणजे क्रमांक मिळणं नव्हे, त्याआधीची पायरी. म्हणून पावतीवर नोंदणीचा वेगळा क्रमांक असतो आणि आधारचा वेगळा. 'एनरोलमेंट झालं' म्हणून पावती जपून ठेवणारी आणि तिलाच कार्ड समजणारी कितीतरी माणसं आपण पाहिली आहेत. घरपोच आलेल्या आधारच्या पत्रावर या शब्दासाठी मराठीत छापलं आहे 'नोंदविण्याचा क्रमांक'. वाचताना वाटतं, नोंदवायचं अजून बाकी आहे की काय! हिंदी पत्रावर 'नामांकन' आहे. तो शब्द मराठीत घ्यावा तर आपल्याकडे नामांकन होतं ते नाट्यपुरस्कारांसाठी. उत्तरेत शाळेत नाव घालण्यालाही नामांकन म्हणतात. एकाच लिपीतला एकच शब्द विंध्याच्या अलीकडे पलीकडे असा बदलतो.

मतदार यादीत मात्र नाव हेच सर्वस्व आहे. तिथे ओळखपत्र खिशात आहे आणि यादीत नाव नाही, तर मत देता येत नाही. नाव घालायला अर्ज नमुना ६, नावाला हरकत घ्यायला किंवा वगळायला नमुना ७. 'माझं व्होटर कार्ड आहे ना' असं म्हणून निर्धास्त राहिलेला माणूस मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर चिडलेला दिसतो. इथे कार्ड म्हणजे हजर माणसाची ओळख, आणि हक्क पटात. शाळेच्या नेमकं उलट. म्हणून दोन्हीकडे एकच 'एनरोलमेंट' वापरून चालत नाही.

वकिलांकडे पाहा. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये वकिलाचं नाव राज्याच्या बार कौन्सिलच्या रोलवर घेणं याला एनरोलमेंट म्हणतात. आपल्याकडे बोलताना 'सनद घेतली' म्हणतात आणि ते जास्त नेमकं आहे, कारण इथे नाव पटावर जाताच हक्क जन्माला येतो. पण या पटावर चढायलाही पायऱ्या होत्या. कायद्यात सर्वसाधारण उमेदवाराची फी एकूण ७५० रुपये लिहिलेली असताना निरनिराळ्या राज्यांत निरनिराळ्या नावांखाली हजारो रुपये घेतले जात होते. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यातल्या फीपेक्षा जास्त घेता येणार नाही. गरीब घरातून आलेल्या नव्या वकिलाच्या दृष्टीने हा निकाल एका शब्दाच्या किमतीचा होता.

आणि रोजगार हमी. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याखाली कुटुंबाची नोंदणी झाली, जॉबकार्ड मिळालं, म्हणून काम मिळत नसे. कामाची मागणी स्वतंत्रपणे लेखी करावी लागे, आणि त्या मागणीपासून पंधरा दिवसांची मुदत मोजली जाई. मागणीची पोचपावती नसेल तर बेकारी भत्त्याचा हक्कही हातातून जाई. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं लोकांना जे समजावलं ते हेच: नोंदणी झाली म्हणजे झालं नाही, आता नमुना ४ भरा. 'झालं म्हणजे झालं नाही' हे समजावण्यात एवढी शक्ती खर्च होते, यावरूनच त्या 'झालं'ची ताकद कळते.

मग करायचं काय? शब्द हद्दपार करा असं आम्ही म्हणणार नाही. भाषेत आलेला शब्द ठराव करून परत जात नाही, आणि 'हजेरी', 'दाखला', 'सनद' हेही कधीतरी बाहेरूनच आले होते. ते घरचे झाले, कारण त्यांनी आपापलं एकेक काम चोख केलं. 'एनरोलमेंट'लाही तेवढंच करू द्यावं. पावतीवरच्या आकड्याला एनरोलमेंट नंबर म्हणा, काही बिघडत नाही. पण मुलाबद्दल बोलताना 'नाव घातलं', 'पटावर आहे', 'शाळेत जातो', 'शिकतो' ही चार वाक्ये वेगळी ठेवा. ही चार वाक्ये म्हणजे चार प्रश्न आहेत, आणि प्रत्येकाचं उत्तर देणारा माणूस वेगळा आहे. पहिल्याचं आईबाप, दुसऱ्याचं मुख्याध्यापक, तिसऱ्याचं गावाने आणि सरकारने मिळून, आणि चौथ्याचं उत्तर त्या मुलाच्या हातात पुस्तक दिल्यावरच मिळतं.

तुमच्यापैकी अनेकजण शाळा व्यवस्थापन समित्यांवर आहात, काहीजण शिक्षक आहात, काहीजण पत्रकार. तुमच्यासमोर यापुढे 'एनरोलमेंट अमुक टक्के' असा कागद येईल तेव्हा दोनच गोष्टी विचारा. हा पट कोणत्या तारखेचा? आणि त्याच वर्गाची जानेवारीतली हजेरी किती? पहिला आकडा सगळ्यांकडे तयार असतो. दुसरा मागितल्यावर कपाट उघडावं लागतं, आणि कपाट उघडलं की सहाव्या इयत्तेतल्या त्या मुलीच्या नावापुढे दिवाळीनंतर किती 'गै' लागले आहेत ते दिसतं. तिला परत आणायचं असेल तर ते 'गै' आधी कुणीतरी वाचायला हवेत.

आमचं बोलणं इथे संपवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.